मेहेर महिन्याचा कागद

कागद धुरावर किती वेळ धरायचा, याबद्दल आळीत दोन मतं होती. आश्रुबा म्हणत होता, मूठभर शेंगा भाजायला लागतो तेवढा वेळ. छबुबाई म्हणत होती, तेवढ्याने कागद काळा होतो, म्हातारा होत नाही. म्हातारा करायचा तर ज्वारीच्या कणगीत लिंबाच्या पाल्याबरोबर आठ दिवस पुरायचा. हे दोघं मुंजाजीचे शेजारी. एकाला उजवीकडची भिंत लागून होती, दुसरीला डावीकडची. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे कागदाच्या बाबतीत दोघंही ठाम होते.

मुंजाजी चुलीपुढे उकिडवा बसला होता. चिमट्यात कागद, डोळ्यांत पाणी. तालुक्याच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. इतक्या वर्षांत त्याच्या अर्जातल्या अक्षराला कुणी नाव ठेवलं नव्हतं. अर्जाला यश येणं ही वेगळी गोष्ट, ती कचेरीच्या हातात असते.

"दाजी, कडा जाळा जरा," अर्जुनराव म्हणाला. हा त्याच्या बायकोचा, वच्छलाबाईचा, थोरला भाऊ. कुरणगावचा पाटील. "जुन्या कागदाच्या कडा जळलेल्या असत्यात."

"कावून? तुमच्या आज्याच्या घराला आग लागलती का?"

"न्हाई."

"मग कडा कावून जळतीन?"

अर्जुनरावाने थोडा विचार केला. "आग लागलती, आसं बी त्यात लिवता येईल की."

"आवो, दादा म्हणतोय तर जाळा की वाईच," वच्छलाबाई फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली. "तुमच्या बापाचं काय जातंय?"

कडा जाळल्या. एक कोपरा जरा जास्त जळाला आणि त्यात अर्धी ओळ गेली. ती अर्धी ओळ पुढे पुण्याच्या विद्वानांनी तीन निरनिराळ्या प्रकारे पूर्ण केली, पण ते नंतर.

कागद कशासाठी हवा होता, ते सांगायला हवं. कुरणगावात पाटील घराण्याच्या दोन पात्या. थोरल्या पातीचा अर्जुनराव, धाकल्या पातीचा विठ्ठलराव. पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी कुणाची जायची, यावर त्यांचं अकरा वर्षं भांडण होतं. या भांडणात दोन डोकी फुटली होती आणि एका बैलाचं शिंग मोडलं होतं. शेवटी अर्जुनरावाने कचेरीत अर्ज दिला. अर्ज अर्थात मुंजाजीने लिहिला. चौदा महिन्यांनी त्यावर एका ओळीचा शेरा आला: लेखी पुरावा हजर करावा.

बैल पुढे चालत आले याचा लेखी पुरावा कुणाकडे असतो? बैलांकडे नसतो, पाटलांकडेही नसतो. पण शेरा सरकारचा होता आणि वच्छलाबाईने भावासाठी नवऱ्यापुढे ताट आपटायला सुरुवात केली होती. सन एकोणीसशे सतरा, पोळ्याला आठ दिवस राहिले होते.

मुंजाजीच्या बापाने त्याला जुनी मोडी दप्तरं वाचायला शिकवलं होतं. घरात एक जुनी पोथी होती, तिच्या शेवटी दौलताबादी कागदाचं एक कोरं पान. मुंजाजीने बोरू घासला आणि बसला. बैल पुढे चालतील, एवढंच लिहून चालणार नव्हतं. ते का चालतील, याला कारण हवं. कुरणगावापासून चार कोसांवर राक्षसभुवन. तिथे दीडशे वर्षांपूर्वी पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तीत निजामाची फौज हरली हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि निजामाच्या राज्यात ते मोठ्याने बोलायचं नसतं हेही. मुंजाजीला कारण सुचलं: फौजेला नदी ओलांडायची वाट कुणीतरी दाखवली असणारच. त्याने लिहिलं:

'मौजे कुरणगाव येथील पाटील याणी गोदेस पूर असता आपले बैल पाण्यात घालून पेशव्यांचे फौजेस उतार दाखविला. सबब पोळियाचे दिवशी यांचे बैल पुढे चालतील. कोणी उजूर न करणे.'

वर लढाईचं साल घातलं, पेशवाईच्या रीतीने अरबीत, अर्बा सितैन मया व अलफ. ते अगदी बरोबर होतं. सालाच्या पुढे महिना घातला. मग वाळू टाकून शाई टिपली आणि चुलीपुढे गेला.

पोळ्याच्या सकाळी अर्जुनरावाने तो कागद रेशमी रुमालातून वेशीत आणला. गाव गोळा झालं. विठ्ठलरावाने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

"इतकी वर्षं हा कागद कुठं गेलता बे?"

"कणगीत व्हता," अर्जुनराव म्हणाला. ते खरंच होतं. छबुबाईच्या समाधानासाठी शेवटी तो चार दिवस कणगीतही ठेवला होता.

गावच्या शाळेचे पंडित मास्तर पुढे आले आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. अर्जुनरावाची जोडी तोरणाखालून पहिली गेली. विठ्ठलरावाने आपले बैल घरी नेले आणि दावणीला बांधून ठेवले. प्रकरण इथे संपलं असतं.

पण पंडित मास्तर नगरच्या 'सत्यदुंदुभी' साप्ताहिकाचे बातमीदार होते. नगर इंग्रजी हद्दीत, तिथे काहीही छापता येत असे. डाक मंगळवारी शेवगावमार्गे जायची आणि त्या मंगळवारी मास्तरांकडे दोनच बातम्या होत्या. पाऊस बरा आहे ही एक. दोन तोंडांचं वासरू जन्मलं ही दुसरी, आणि ते वासरू बघायला जाईपर्यंत मेलं होतं. मास्तरांनी कागद पुन्हा मागून घेतला. वाचला, उजेडात धरला, हुंगला. धुराचा वास आला. जुन्या घरातल्या कागदाला धुराचा वास येणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. डाकेला दोन तास होते. दहा तास असते तर त्यांनी स्वतःला दुसरं काही सांगितलं असतं का, हे सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी बातमी छापून आली. मथळा होता: 'राक्षसभुवनच्या विजयाचा अज्ञात शिल्पकार.' पोळा, बैल आणि तोरण शेवटच्या ओळीत होते. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका पत्राने ती बातमी 'सत्यदुंदुभी'तून उचलली. त्याच्या पुढच्या आठवड्यात 'सत्यदुंदुभी'ने लिहिलं की, आमच्या शोधास पुण्याहूनही दुजोरा मिळाला आहे. मग एका संशोधकाने अक्षराचं वळण तपासून ते अस्सल पेशवाईतलं असल्याचा निर्वाळा दिला. त्याच्यासमोर होती ती पंडित मास्तरांनी शाळेच्या टाकाने केलेली नक्कल. मुंजाजीला ही गोष्ट लागली. निर्वाळा द्यायचाच होता तर निदान त्याच्या अक्षराला द्यायला हवा होता.

तो अंक आश्रुबाच्या ओट्यावर वाचताना मुंजाजीचं लक्ष पहिल्यांदा तारखेकडे गेलं आणि त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

निजाम सरकारच्या कचेरीत महिने चैत्र-वैशाख नसत. आजूर, दै, बहमन असे सुरू होऊन ते मेहेर, आबानपर्यंत जात. हे महिने कचेरीत आले तेव्हा मुंजाजी शाळेत होता. पुढे अर्ज लिहायला लागल्यापासून रोज दहा-बारा अर्जांवर तो महिना घालत होता. हातच तो लिहायचा, डोकं तोवर पुढच्या ओळीत असायचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदावर अरबी महिना, सफर, हवा होता. तिथे लिहिलं होतं, माहे मेहेर. त्या दिवशी कचेरीत जो महिना चालू होता, तोच.

दोन आठवडे तो कुणीतरी बोट ठेवील याची वाट बघत राहिला. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी बोट ठेवलं. 'सत्यदुंदुभी'त दीड रकान्याचा लेख आला: हे फारसी महिने मराठ्यांच्या कागदात असल्याचा हा पहिलाच पुरावा असून, इतिहासाची सर्व पुस्तकं आता पुन्हा लिहावी लागतील.

मुंजाजीने हे अर्जुनरावाला सांगितलं. अर्जुनराव तेव्हा नवा पटका बांधत होता. पंचक्रोशीतून लोक येऊन त्याच्या पाया पडत होते आणि तो पाय मागे घेत नव्हता.

"तुमी लिवला हे खरंच हाय, दाजी," तो म्हणाला. "मी बाजूलाच बसलतो. पर बैल पाण्यात घातलं, हे तुमाला सुचलं कुठून?"

"डोक्यातून."

"डोक्यात कुणी घातलं?"

"कुणी न्हाई. मीच."

"आमच्या खापरपणज्यानं घातलं," अर्जुनराव शांतपणे म्हणाला. "त्यास्नी सांगायचं व्हतं. तुमी निस्ता बोरू."

बावीस वर्षं लोकांनी सांगितलेलं लिहून देताना मुंजाजी स्वतःला बोरूच समजत आला होता. पण दुसऱ्याने म्हटल्यावर ते झोंबलं.

डिसेंबरात गोदेच्या घाटावर विजयोत्सव ठरला. 'सत्यदुंदुभी'चे संपादक गर्गे हार घेऊन येणार होते. युरोपातल्या मोठ्या लढाईचे दिवस. कचेरीत कुठल्याही सभेकडे संशयाने बघत. हे अंगाशी येणार, एवढं मुंजाजीला कळत होतं. तो दोन दिवस बैलगाडीत हाडं मोडून घेत नगरला गेला आणि संपादकांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"तो कागद खोटा हाय, साहेब. मी लिवलाय."

गर्गे प्रुफं तपासत होते. "बसा. कुठला कागद?"

"कुरणगावचा. त्यात मेहेर महिना हाय. तो त्या काळी नव्हताच."

"अहो, तोच तर शोध!"

"शोध न्हाई, ती माझी चूक हाय. मला रोजची सवय."

गर्गेंनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. "हे पाहा, आमच्यापाशी बातमीदाराची साक्ष आहे, पुण्याचा अभिप्राय आहे, आणि वाचकांची दोनशे अकरा पत्रं आली आहेत. कुणी कविता केल्या आहेत. तुमच्यापाशी काय आहे?"

"मी हाय."

"तेच म्हणतो मी. तुम्ही एकटेच आहात." त्यांनी प्रूफ पुढे ओढलं. "तुमचं म्हणणं लेखी द्या. पत्रव्यवहारात जागा झाली तर घालू."

मुंजाजीने तिथेच बसून लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी अर्ज लिहिला. तो तीन आठवड्यांनी सातव्या पानावर आला, निम्मा. खाली संपादकीय टीप होती: 'थोर घराण्यांना असे मत्सरी आप्त असतातच.'

तोवर विजयोत्सव होऊन गेला होता. अर्जुनरावाने भाषण केलं, दोन वाक्यांचं. "आमच्या खापरपणज्यानं पेशव्याच्या फौजेला उतार दावला. परत येळ आली तर आमी बी दावू." पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. दुसरं वाक्य मागे उभ्या असलेल्या पोलिसांच्या अमीनाने वहीत लिहून घेतलं.

उन्हाळ्यात त्या वाक्यावरून अर्जुनरावाची तहसीलदारांसमोर चौकशी लागली. पंडित मास्तरांनी आपण कधी कुठे बातमी धाडलीच नाही, असं लिहून दिलं आणि बदली मागून घेतली. चौकशीच्या आदल्या दिवशी वच्छलाबाईने नवऱ्याची वळकटी बांधली. दोन धोतरं, सतरंजी, तांब्या, आठ दिवस पुरतील अशा भाकरी वाळवून.

"सगळं सांगा साहेबाला," ती म्हणाली. "मीच हट्ट धरलता, हे बी सांगा. तुमाला आत टाकलं तर मी भाकरी आणून देईन. दादाला सोडवा."

"अन् मला?"

"तुमाला कचेरीत वळखत्यात," ती म्हणाली, आणि गाठ आणखी घट्ट आवळली.

तहसीलदार साहेब हैदराबादचे होते, मराठीत उर्दू मिसळून बोलायचे. त्यांना ही फाइल मिटवायची होती. मुंजाजीने वळकटी दाराशी ठेवली आणि सगळं सांगितलं. पोथीचं पान, चूल, चिमटा, कणगी. साहेबांनी कागद-बोरू मागवला. मुंजाजीने उभ्या-उभ्या मजकूर पुन्हा लिहिला. दोन्ही कागद शेजारी ठेवले; काना-मात्रेचा फरक नव्हता.

"नकला करण्यातच याचं आयुष्य गेलंय, हुजूर," साहेबांचा कारकून, पेशकार, म्हणाला. "समोरचं बघून कुणीही लिवतंय."

साक्षीला आश्रुबा आणि छबुबाई होते.

"कागद धुरावर धरलेला पाह्यला का?" साहेबांनी विचारलं.

"चुलीवर कायबाय असतंच, सरकार," आश्रुबा म्हणाला. "मी शेंगा पाह्यल्या."

छबुबाई म्हणाली, "मी तर माहेरी गेलते." तिचं माहेर समोरच्या आळीत होतं.

मग मुंजाजी शेवटचं बोलला. "हुजूर, तारीख बघा. मेहेर. आपल्या कचेरीचा महिना हाय."

साहेबांनी कागद जवळ घेतला. बराच वेळ बघितलं. मग पहिल्यांदाच हसले. वर्षभरात त्या कागदाची तारीख नीट वाचून तिचा अर्थ लावणारा हा एकच माणूस निघाला. त्यांनी कागद अर्जुनरावापुढे सरकवला.

"पाटील, तुमचा दाजी सही बोलतो. तुम्ही पण बोला, कागज खोटा हाय, मला मालूम नव्हतं. भाषण गलतीने झालं. समज देऊन सोडतो. फाइल बंद."

मुंजाजीने मेहुण्याकडे बघितलं. बाहेर लिंबाखाली चाळीस गावचे लोक उभे होते. त्यांत विठ्ठलरावही होता.

"साहेब," अर्जुनराव म्हणाला, "नगरला छापून आलं, पुण्याला आलं. एवढी शिकलेली माणसं खोटी, अन् आमचा हा दाजी खरा?" त्याने पटका सारखा केला. "कागद खरा हाय. मी बोललो ते बी खरं हाय."

"पाटील, सोचो."

"सोचलं."

अर्जुनरावाची पाटीलकी गेली आणि विठ्ठलरावाला मिळाली. अर्जुनरावाला बीडच्या तुरुंगात एक वर्ष. जाताना त्याने मुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवला, जसा वडीलधारी माणसं वेड्या नातेवाइकाच्या खांद्यावर ठेवतात. मुंजाजीला कुणी पकडलं नाही. बनावट कागद केल्याचा आरोप ठेवायचा तर कागद बनावट ठरायला हवा, आणि तो ठरला नव्हता. तो वळकटी घेऊन गेला होता आणि वळकटी घेऊन परत आला. वाळलेल्या भाकरी घरीच खाल्ल्या. त्या संपेपर्यंत वच्छलाबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या वर्षीच्या पोळ्याला विठ्ठलरावाची जोडी तोरणाखालून पहिली गेली. कागद कुणी मागितला नाही.

पावसाळा संपता-संपता ताप आला. आधी बीडला, मग गेवराईला, मग सगळ्या गोदाकाठाला. माणसं सकाळी कण्हत आणि संध्याकाळी जात. लिंबाखाली अर्ज लिहून घ्यायला कुणी येईना. 'सत्यदुंदुभी'चा अंक आठ पानांवरून दोनावर आला, त्यातही एक पान मयतांच्या नावांचं.

दिवाळीच्या सुमाराला तुरुंगाचा शिपाई दारात चिठ्ठी टाकून पुढे गेला. त्याच्या झोळीत अजून बऱ्याच होत्या. मुंजाजीने उभ्यानेच वाचली. साडेतीन ओळी होत्या. कैदी अर्जुनराव, मौजे कुरणगाव, ताप येऊन मयत. प्रेतास अग्नी देण्यात आला.

वच्छलाबाई चुलीपाशी होती. त्याने वाचून दाखवलं. ती उठली, चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, उलटी धरली, सुलटी धरली.

"कुणी लिवलाय ह्यो?"

"तुरुंगाच्या कारकुनानं."

"अक्षर तुमचं दिसतंय."

"तुला कुठं वाचता येतं, वच्छला?"

तिने चिठ्ठी नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली. "तुमाला येतंय की कागद करायला," ती म्हणाली. "दादाचा राग हाय तुमाला. कचेरीत त्यानं तुमाला खोटं पाडलं. म्हणून केला ना ह्यो? मी काय बोलणार न्हाई. ताट आपटणार न्हाई. निस्तं सांगा, खोटा हाय म्हणून."

मुंजाजीने चिठ्ठी परत घेतली आणि सवयीने वरची तारीख बघितली. माहे आजूर, सन तेराशे अठ्ठावीस फसली. कचेरीचं साल बरोबर होतं. महिनाही बरोबर होता.

नगरात, कचेरीत, आश्रुबाच्या ओट्यावर, वर्षभर तो दिसेल त्याला एकच वाक्य सांगत आला होता. तेच वाक्य आता त्याची बायको त्याच्याकडे मागत होती.

"खरा हाय," मुंजाजी म्हणाला.

वच्छलाबाईचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.